आज्ञावलीचा ताळा आणि त्याचा खर्च

१९ जुलै २०२४ च्या शुक्रवारी मुंबईसह देशातील अनेक विमानतळांवरील संगणक एकाएकी निकामी झाले आणि काही ठिकाणी प्रवाशांच्या हाती चक्क हाताने लिहिलेले बोर्डिंग पास पडू लागले. त्याच सुमारास इंग्लंडमधील डॉक्टरांना आपल्या रुग्णांच्या नोंदी दिसेनाशा झाल्या, अमेरिकेत हजारो विमानफेऱ्या रद्द झाल्या, आणि जगभरातील बँका, दुकाने व कार्यालये यांच्या पडद्यांवर केवळ निळा रंग उरला. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख संगणक बंद पडले होते. हे युद्ध नव्हते आणि घातपातही नव्हता. संगणकांचे रक्षण करणारे सॉफ्टवेअर पुरविणाऱ्या क्राउडस्ट्राइक या अमेरिकी कंपनीने भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक छोटी नवी फाइल आपल्या ग्राहकांकडे धाडली होती. चूक ध्यानात येताच ७८ मिनिटांत ती मागेही घेतली गेली. परंतु तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. बंद पडलेल्या बहुतेक यंत्रांपाशी माणसाने स्वतः जाऊन ती एकेक करून दुरुस्त करावी लागली.

या प्रसंगाची चर्चा त्या वेळी पुष्कळ झाली. तथापि ती बहुधा परकीय कंपन्यांवरील अवलंबित्व आणि संगणकयुगाचे धोके एवढ्यावरच थांबली. मूळ प्रश्न याहून साधा आणि म्हणूनच अधिक महत्त्वाचा आहे. कोणी लिहून आणलेला नवा कोड जुन्या, चालत्या व्यवस्थेत सामील करून घेण्यापूर्वी त्याची परीक्षा कोणी घ्यायची आणि त्या परीक्षेचा खर्च कोणी सोसायचा? हा प्रश्न तंत्रज्ञांचा म्हणून सोडून देता येत नाही. तो मुळात अर्थशास्त्राचा प्रश्न आहे.

ताळा म्हणजे काय?

गुणाकार केल्यावर त्याचा ताळा पाहावा, अशी शिकवण मराठी शाळांतून पिढ्यान् पिढ्या दिली गेली. कचेरीतील कारकून रोजकीर्दीवरून खतावणी पडताळून पाहिल्याखेरीज वही मिटत नसे. सॉफ्टवेअरच्या जगात या ताळ्याचे काम चाचणी-आज्ञावली करतात. नव्या कोडला ठराविक माहिती पुरवायची, त्याने दिलेले उत्तर आधीच ठाऊक असलेल्या बरोबर उत्तराशी ताडून पाहायचे आणि तफावत आढळताच गजर वाजवायचा, एवढेच तिचे कार्य. व्याज आकारणाऱ्या कोडची परीक्षा घ्यायची असेल तर दहा हजार रुपयांवर दहा टक्के दराने वर्षाचे व्याज एक हजार येते काय, हे तर पाहायचेच. पण मुद्दल शून्य असेल तर काय, खाते २९ फेब्रुवारीला उघडले असेल तर काय, रकमेच्या जागी कोणी नाव लिहिले तर काय, हेही विचारून पाहायचे. खरी परीक्षा या वाकड्या प्रश्नांतच असते.

अशा चाचण्यांचा दुसरा उपयोग अधिक मोलाचा आहे. एकदा लिहिलेली चाचणी फेकून द्यायची नसते. पुढे कोणीही त्या आज्ञावलीत फेरफार केला की साऱ्या जुन्या चाचण्या आपोआप पुन्हा चालविल्या जातात आणि नव्या दुरुस्तीने जुने काही मोडले असेल तर ते तात्काळ उघडकीस येते. म्हणजे चाचणी ही त्या कोडची स्मृती असते. मूळ लेखक नोकरी सोडून गेला तरी त्याच्या मनात काय होते, हे ती सांगत राहते.

एका न विचारलेल्या प्रश्नाची किंमत

ही स्मृती नसली म्हणजे काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण २०१४ साली जगाने पाहिले. ओपनएसएसएल हा संदेश गुप्त ठेवणारा कोड इंटरनेटवरील असंख्य संकेतस्थळे वापरतात. तो मुक्त आहे. कोणीही तो फुकट वापरावा आणि कोणीही त्यात भर घालावी, अशी त्याची व्यवस्था. २०११ साली एका जर्मन संशोधक विद्यार्थ्याने त्यात एका नव्या सोयीचा कोड सादर केला. दुसऱ्या जाणकाराने तो वाचून पाहिला आणि वर्षाच्या अखेरच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, तो स्वीकारला गेला. मार्च २०१२ मध्ये तो १.०.१ या आवृत्तीबरोबर जगभर पोचला.

सोय अगदी साधी होती. एका संगणकाने दुसऱ्याला एक शब्द धाडायचा आणि तो किती अक्षरांचा आहे हे सांगायचे. समोरच्याने तोच शब्द परत करायचा, म्हणजे संपर्क चालू असल्याची खात्री पटते. यात पाठविणाऱ्याने सांगितलेली लांबी खरी आहे की नाही, हे पाहायचे राहून गेले. चार अक्षरांचा शब्द पाठवून कोणी ‘हा चौसष्ट हजार अक्षरांचा आहे’ असे सांगितले, तर समोरचा संगणक निमूटपणे त्या चार अक्षरांपुढचे आपल्या स्मृतीतील सारे काही वाचून परत देई. त्यात इतरांचे परवलीचे शब्द असत, गुप्त किल्ल्याही असत. ‘हार्टब्लीड’ या नावाने गाजलेला हा दोष ७ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झाला, म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ तो उघड्यावर पडून होता. त्या वेळच्या एका पाहणीनुसार सुमारे पाच लाख संकेतस्थळांना त्याची बाधा होती. कॅनडाच्या महसूल खात्यातून सुमारे ९०० नागरिकांचे ओळख क्रमांक चोरीस गेले आणि ऐन कर भरण्याच्या दिवसांत ते खाते ऑनलाइन व्यवहार बंद ठेवून बसले.

हा दोष पकडणारी चाचणी कशी असती? शब्द चार अक्षरांचा, सांगितलेली लांबी चाळीस हजार आणि अपेक्षित उत्तर मौन! फार तर काही तासांचे काम. नवा कोड सादर करणाऱ्याने त्याच्या जोडीला ही चाचणी दिली असती, किंवा स्वीकारणाऱ्याने ती मागितली असती, तर हा अनर्थ बहुधा टळला असता. तथापि त्या विद्यार्थ्याला वा तपासनिसाला दोषी धरणे हा सोपा आणि चुकीचा निष्कर्ष होय. हे सारे काम सांभाळणाऱ्या संस्थेकडे त्या काळी पूर्णवेळ काम करणारा एकच माणूस होता आणि वर्षाकाठी थेट देणग्यांच्या रूपाने जेमतेम दोन हजार डॉलर येत असत. ज्याच्या भरवशावर जगातील अब्जावधींचा व्यापार चालत होता, त्या कुलपाची ही देखभाल.

लाभ सर्वांचा, खर्च कोणाचाच नाही

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या कथेत नवे काही वाटणार नाही. सार्वजनिक वस्तूंविषयी जे पाठ्यपुस्तकात शिकविले जाते, त्याचेच हे प्रात्यक्षिक. गावच्या विहिरीचे पाणी सगळे पितात, पण गाळ काढायला कोणी पुढे येत नाही, कारण एकट्याने गाळ काढला तरी पाणी सर्वांनाच मिळणार असते. मुक्त कोडचा लाभ प्रत्येक बँकेला, विमान कंपनीला आणि सरकारी खात्याला मिळतो, पण त्याच्या चाचण्या लिहिण्याचा खर्च आपण का करावा, असे प्रत्येकाला वाटते.

यावर खाजगी मालकीचे सॉफ्टवेअर हा उपाय आहे, असे कोणी म्हणेल. तसे असते तर २०२४ ची जुलै महिन्यातील ती सकाळ उजाडली नसती. खाजगी कंपनीच्या बाबतीत दुसराच नियम लागू पडतो. चाचणीचा खर्च कंपनीच्या हिशेबात आज, रोख दिसतो. चाचणी न केल्याचा तोटा उद्या, आणि तोही बव्हंशी दुसऱ्याच्या हिशेबात पडतो. डेल्टा या एकट्या अमेरिकी विमान कंपनीने आपले सुमारे पन्नास कोटी डॉलरचे नुकसान झाल्याचे सांगितले आणि ती न्यायालयात गेली. पण विमानतळावर रात्र काढणाऱ्या प्रवाशाचा वेळ कोणाच्या ताळेबंदात लिहिला गेला? कारखान्याचे दूषित पाणी नदीत सोडणाऱ्याचे आणि न तपासलेला कोड बाजारात सोडणाऱ्याचे अर्थकारण एकच आहे. जोवर नुकसानीचा बोजा ते करणाऱ्यावर येऊन पडत नाही, तोवर तो टाळण्यावर तो पुरेसा खर्च करणार नाही.

एक उलटे उदाहरण

हे असेच चालायचे, असे मात्र नाही. रिचर्ड हिप या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने २००० साली सुरू केलेले एसक्यूलाइट हे माहिती साठविण्याचे सॉफ्टवेअर आज जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनमध्ये असते. ते लिहिणारे हात थोडे आहेत. मूळ कोड सुमारे दीड लाख ओळींचा आहे आणि त्याच्या चाचण्यांचा कोड, त्यांच्याच २०२३ च्या हिशेबाप्रमाणे, मूळ कोडच्या सुमारे ५९० पट आहे. विमानातील यंत्रणांसाठी जी कठोर मानके वापरतात त्यांवरून स्फूर्ती घेऊन ही शिस्त बसविली गेली.

त्याहूनही लक्षणीय गोष्ट पुढेच आहे. एसक्यूलाइटचा कोड सर्वांना पूर्णपणे फुकट आहे. कोणाचीही अनुमती लागत नाही. मात्र त्याच्या चाचण्यांचा सर्वांत कसोशीचा संच खाजगी मालकीचा असून तो परवाना घेणाऱ्यांनाच मिळतो. वस्तू फुकट आणि तिचा ताळा विकत! यातील खरी किंमत कशाला आहे, हे बाजारानेच येथे सांगून टाकले आहे. ही आज्ञावली वापरणाऱ्या काही कंपन्या संघाच्या रूपाने वर्गणी भरतात आणि त्यातून ही शिस्त पोसली जाते. लाभ घेणाऱ्यांनी खर्च वाटून घ्यावा, ही कल्पना व्यवहारात उतरते, याचा हा पुरावा होय.

ताळ्याच्याही मर्यादा

चाचण्या म्हणजे रामबाण, असा समज करून घेणेही तितकेच घातक. चाचणी दोष असल्याचे दाखवू शकते, नसल्याचे नव्हे, हे डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी अर्धशतकापूर्वीच बजावले होते. क्राउडस्ट्राइकने ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला आपला अहवाल या दृष्टीने वाचनीय आहे. नमुन्यात २१ रकाने ठरलेले होते. प्रत्यक्ष माहिती पुरविणारा कोड २० च रकाने भरीत होता. चाचण्या झालेल्या होत्या. परंतु त्या सर्व चाचण्यांत एकविसाव्या रकान्यात ‘येथे काहीही चालेल’ अशी खूण होती, त्यामुळे तो रकाना उघडून पाहण्याची वेळच आली नाही. जुलैच्या त्या फाइलने तो प्रथमच उघडू पाहिला आणि तेथे काहीच नव्हते. परीक्षा झाली होती, पण अवघड प्रश्न पर्यायाला टाकून. शिवाय ती फाइल आधी थोड्या यंत्रांवर चालवून पाहण्याऐवजी एकदम सगळीकडे धाडली गेली.

मार्च २०२४ मध्ये उघडकीस आलेले प्रकरण तर कुंपणानेच शेत खाल्ल्याचे आहे. एक्सझेड हा फाइली आकाराने लहान करणारा मुक्त कोड एक थकलेला स्वयंसेवक एकट्याने सांभाळीत असे. कोणा अज्ञाताने सुमारे दोन वर्षे उपयुक्त मदत करून त्याचा विश्वास संपादन केला आणि मग दूरच्या संगणकात चोरवाट पाडणारा मजकूर त्यात दडविला. कोठे? चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या फाइलींत. तेथे कोणी डोकावून पाहणार नाही, हे त्याला ठाऊक होते. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एका कामाला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक का लागतो, असा प्रश्न पडला आणि त्या चिकित्सेतून हा डाव उघडा पडला. तात्पर्य हे की चाचणी असणे पुरेसे नाही. ती कोणी लिहिली, कशासाठी लिहिली आणि तिच्याकडे कोणी पाहिले, हेही पाहावे लागते.

लिहिणे स्वस्त, तपासणे महाग

हा प्रश्न आज अधिक निकडीचा होण्याचे कारण वेगळे आहे. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी अवतरल्यापासून कोड लिहिण्याचे काम यंत्रेच झपाट्याने करू लागली आहेत. जे लिहायला आठवडा लागे, ते आता काही मिनिटांत समोर येते. उत्पादनाचा एक घटक स्वस्त झाला की दुसरा दुर्मीळ घटक महाग होतो, हा अर्थशास्त्राचा जुना नियम. कोडचा पूर आला म्हणजे तो बरोबर आहे की नाही हे सांगू शकणारी बुद्धी दुर्मीळ ठरणार. चाचण्याही यंत्रानेच लिहाव्यात, असे सुचविले जाते आणि त्यात तथ्यही आहे. परंतु ज्या यंत्राने कोड लिहिला त्यानेच चाचणी लिहिली, तर त्याचा जो गैरसमज कोडमध्ये उतरला तोच चाचणीतही उतरण्याचा संभव असतो. परीक्षार्थ्याने स्वतःच प्रश्नपत्रिका काढावी आणि स्वतःच गुण द्यावेत, तसे हे होय.

महाराष्ट्राला याचे अगत्य असावयास हवे. पुण्यात १९८१ साली टाटा संशोधन, विकास व अभिकल्प केंद्र सुरू झाले आणि सॉफ्टवेअर तपासण्याच्या साधनांवरही तेथे काम झाले. पुढे हिंजवडी, खराडी, ऐरोली येथील कचेऱ्यांतून हजारो मराठी तरुण या व्यवसायात शिरले आणि त्यांतील अनेकांनी पहिले पाऊल ठेवले ते टेस्टिंगच्या कामात. दुर्दैवाने हे काम व्यवसायातच दुय्यम लेखले जाते. ज्याला कोड लिहिता येत नाही त्याने तपासावे, अशी समजूत असते आणि मुदत जवळ आली की पहिली कात्री तपासणीच्या दिवसांनाच लागते. पत्रकाराने लिहावे आणि मुद्रितशोधकाला मान नसावा, त्यातलाच हा प्रकार. वास्तविक आगामी काळात टिकून राहील ते कौशल्य कोड कोठे मोडेल हे ओळखण्याचे आहे, तो भराभर लिहिण्याचे नव्हे.

या समजुतीचे बीज वर्गातच पेरले जाते. संगणकाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थी पाठ केलेला कार्यक्रम लिहितो, परीक्षकासमोर सोयीची संख्या भरून एकदा चालवून दाखवितो, जर्नलवर सही होते आणि पूर्ण गुण मिळतात. शून्य भरले तर काय होईल, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तोच विद्यार्थी उद्या बँकेची आज्ञावली लिहितो.

काय करता येईल?

पहिला उपाय स्वीकारणाऱ्याच्या हाती आहे. नवा कोड आणणाऱ्याकडून त्याची चाचणीही घ्यावी आणि शक्य तेथे आणखी एक चाचणी दुसऱ्या हाताने लिहून घ्यावी. ओपनएसएसएलने हार्टब्लीडनंतर हाच धडा घेतला. सादर होणाऱ्या कोडबरोबर चाचण्या असाव्यात, असे त्यांच्या नियमावलीत आता नमूद आहे. अशा अटीमुळे हौशी स्वयंसेवक बिचकतील, हा आक्षेप खोटा नाही. म्हणून अट सरसकट नसावी. दहा जण वापरतात त्या कोडला सवलत द्यावी, पण दहा कोटी लोक ज्याच्यावर विसंबतात तेथे भीड बाळगू नये.

दुसरा उपाय पैशाचा. हार्टब्लीडच्या पाठोपाठ एप्रिल २०१४ मध्ये बड्या संगणक कंपन्यांनी एकत्र येऊन सामाईक निधी उभारला. घोडे वरातीमागून आले, पण आले. जर्मन सरकारने २०२२ साली सार्वजनिक उपयोगाच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या देखभालीसाठी स्वतंत्र निधी सुरू केला. बंगळूरच्या झेरोधा या दलाली कंपनीने २०२४ मध्ये अशाच कामासाठी वर्षाला दहा लाख डॉलर देण्याचे जाहीर केले. केंद्र सरकारचे २०१५ चे धोरण शासकीय कामात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे आहे. फुकट घेण्याचे धोरण असेल तर परतफेडीचेही असावे. त्याचबरोबर शासकीय निविदेत कोडसोबत त्याच्या चाचण्यांचीही मालकी खात्याकडे यावी, अशी अट हवी. अन्यथा कंत्राटदार बदलला की खात्याच्या हाती इमारत राहते, पण तिचा नकाशा राहत नाही.

तिसरा उपाय कायद्याचा. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दोन कायदे केले. एकाने सॉफ्टवेअरलाही सदोष वस्तूच्या उत्तरदायित्वाखाली आणले आणि दुसऱ्याने विक्रेत्यावर सुरक्षिततेची जबाबदारी टाकली. दुसऱ्या कायद्यातील प्रमुख बंधने डिसेंबर २०२७ पासून लागू व्हावयाची आहेत. हौसेने, मोबदल्याविना मुक्त कोड देणाऱ्याला त्यांतून वगळले आहे, हे विशेष. जो त्या कोडवर धंदा करतो, त्यानेच तो तपासून घ्यावा, हे सूत्र न्याय्य आहे. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मात्र ‘वस्तू’ची व्याख्या करताना ती घन, द्रव वा वायुरूप असू शकते, असे म्हटले आहे. सॉफ्टवेअर या तिन्हींत कोठेच बसत नाही. सेवेतील उणिवेबद्दल ग्राहकाला दाद मागता येते, हे खरे, पण सदोष आज्ञावलीचे उत्तरदायित्व स्पष्ट शब्दांत सांगितले जाणे अगत्याचे आहे.

चौथा उपाय कायद्यावाचून आणि पैशावाचून होण्यासारखा आहे. प्रात्यक्षिकाच्या गुणांपैकी निम्मे गुण कार्यक्रमाला आणि निम्मे त्याच्या चाचण्यांना ठेवावेत. एका विद्यार्थ्याच्या कार्यक्रमाची परीक्षा दुसऱ्याने लिहिलेल्या चाचण्यांनी घ्यावी. आपले काम दुसऱ्याने मोडून दाखविले म्हणजे अपमान होत नाही, उलट ते अधिक पक्के होते, ही वृत्ती विशीत रुजली तर तिशीत उपयोगी पडेल.

निवृत्तिवेतन, शिष्यवृत्ती, शिधा, प्रवेश आणि पगार हे सारे आज कोणीतरी लिहिलेल्या कोडमधून सामान्य माणसापर्यंत पोचते. पडद्यावर ‘नोंद सापडत नाही’ एवढेच शब्द उमटतात, तेव्हा खिडकीपलीकडचा कारकून हतबल असतो आणि अलीकडचा अर्जदार त्याहून हतबल. दोघांपैकी कोणीच तो कोड लिहिलेला नसतो, आणि तरी चुकीचा भुर्दंड त्या दोघांनाच पडतो. ताळा न पाहिलेल्या हिशेबाचा तोटा आजवर असा खिडकीशी उभ्या असलेल्याने भरला आहे. तो हिशेब लिहिणाऱ्याच्या आणि त्यातून नफा मिळविणाऱ्याच्या खाती मांडला जाईल, तेव्हाच चाचण्या वेळेवर लिहिल्या जातील.